गावरान बी वर्षानुवर्षं टिकवायचंय? या चुका टाळा

मृग लागला की फोन सुरू होतात. "ताई, बी उगवलंच नाही हो. बरणी तर एकदम हवाबंद होती." भरताना किती वाळलं होतं, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "दोन दिवस ऊन दिलं होतं की."

सगळं इथंच बिघडतं. कणगीतल्या ओलसर दाण्याला निदान वारा तरी लागतो. हवाबंद डब्यात त्याचा ओलावा त्यालाच खातो.

मी हे काळभात या गावरान भाताच्या वाणावर शिकले. अकोले तालुक्यातल्या एका आजींनी सासूच्या वेळेपासून जपलेलं बी मला दिलं. त्या वर्षी कापणीवर पाऊस आला. घाईनं झोडपलं, दोन दिवस ताडपत्रीवर पसरलं आणि स्टीलच्या डब्यात भरून झाकणाला चिकटपट्टी लावली. मे महिन्यात डबा उघडला तर आंबूस वास आला. तळाचे दाणे गठ्ठा होऊन चिकटले होते, वर करडी बुरशी. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले. आठव्या दिवशी मोड आले फक्त चार दाण्यांना. पुन्हा आजींकडे गेले. त्या काही बोलल्या नाहीत. कणगीत हात घालून मूठभर भात काढला, एक दाणा दाताखाली धरला, कट् वाजला तेव्हाच माझ्या पिशवीत ओतला.

तेव्हापासून मी भात सारवलेल्या ओसरीत, सावलीत, दहा-बारा दिवस वाळवते. तापलेला पत्रा किंवा डांबरी रस्ता नको. दाणा वरून कडक होतो आणि आतला कोंब भाजतो. मग काचेच्या बाटलीत बी आणि तव्यावर गरम करून गार केलेलं मीठ घालून दहा मिनिटं हलवते. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, परत ओसरीत. नाही चिकटलं तरी हवाबंद ठेवायला तेवढं पुरत नाही. खरपूस भाजून गार केलेले तांदूळ पुरचुंडीत बांधून बियाण्यासोबत आठवडाभर ठेवते. ते ओल ओढून घेतात.

एवढा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी ढोबळ हिशेब असा: ओलावा एक टक्क्यानं उतरला की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, तापमान पाच अंशांनी उतरलं तरी तसंच. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत बी उणे १८ अंशांवर ठेवतात, पण आधी नीट वाळवून. न वाळवता फ्रीजरमध्ये टाकलं तर आत बर्फाचे कण होतात आणि बी मरतं. फ्रीजमधली गार बरणी बाहेर काढल्या काढल्या उघडायची नाही, हेही कुणी पाळत नाही. पावसाळी हवेत दाण्यांवर लगेच दव धरतं. मी बरणी रात्रभर बाहेर ठेवते आणि सकाळी उघडते.

चिठ्ठी झाकणावर लावू नका, झाकणं बदलतात. वाण, गाव आणि वर्ष पेन्सिलीनं लिहून कागद आत टाका. सगळं बी एकाच घरात ठेवू नका. फणसाची आठळी किंवा आंब्याची बाठ वाळवू नका, ती मरते. ते वाण झाडाच्या रूपातच जपायचं. दोन जातींचा मका किंवा भोपळा शेजारी लावून त्याचं बी धरू नका, पराग मिसळून वाण बदलतो.

आणि साठ वाण एकदम गोळा करू नका. गावरान बी जपणाऱ्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून ही हौस फार वाढली. मला त्याचा आनंदच आहे. पण राहीबाईंनी आपले वाण वर्षानुवर्षं पेरून जिवंत ठेवलेत, नुसते बरण्यांत भरलेले नाहीत. जेवढं पेरता येईल तेवढंच घ्या. मी दर उन्हाळ्यात प्रत्येक बरणीतले शंभर दाणे गोणपाटात घालते. ७० पेक्षा कमी उगवले, की त्या पावसाळ्यात पहिलं वावर त्याच वाणाचं.