हिवाळाभर परदेशात राहून काम करायचे आहे? आधी दिवस मोजा

परदेशात हिवाळा काढून तिथूनच नोकरी सांभाळण्याविषयीचे बहुतेक सल्ले सामानाच्या यादीपाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. मी आतापर्यंत सात हिवाळे असे काढले आहेत, आणि सामान भरायला मला कधीही एका संध्याकाळीपेक्षा जास्त वेळ लागलेला नाही. वेळ जातो तो तारखा, परवानग्या आणि घर यांच्यात. यातले काही चुकले तर बॅगेत काय आहे याला काहीच अर्थ उरत नाही. म्हणून या लेखात सामानाला चार ओळी दिल्या आहेत आणि दिवसांच्या हिशेबाला भरपूर जागा.

तारखा आधी, ठिकाण नंतर

किती दिवस राहायचे आणि कोणत्या तारखेला परतायचे, हे देश निवडण्याआधी कागदावर लिहून काढावे. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने उरलेली असावी. नसेल तर नूतनीकरणापासून सुरुवात करावी, कारण व्हिसाचा अर्ज त्यानंतरच करता येतो.

दिवसांचे गणित

माझी सर्वांत मोठी चूक इथे झाली, आणि अनुभवी प्रवाशांचीही होताना मी पाहिली आहे. उदाहरण युरोपातल्या शेंगेन क्षेत्राचे घेते, कारण तिथला नियम सर्वांत जास्त वेळा चुकीचा सांगितला जातो. शेंगेनमध्ये आज २९ देश आहेत आणि अल्प मुदतीच्या मुक्कामासाठी ते सगळे मिळून एकच देश समजले जातात. व्हिसाशिवाय प्रवेश मिळणाऱ्यांना आणि अल्प मुदतीचा व्हिसा घेऊन जाणाऱ्यांना एकच मर्यादा लागू होते: कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस.

या वाक्यातला ‘कोणत्याही’ हा शब्द लोक वाचतच नाहीत. वर्षाचे दोन भाग पडतात आणि प्रत्येक भागात ९० दिवस मिळतात, असा एक समज आहे. क्षेत्राबाहेर एक फेरी मारून आले की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, असा दुसरा. दोन्ही साफ चूक आहेत. खरी पद्धत अशी की तिथे असलेल्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून, मागचे १८० दिवस पाहायचे आणि त्यांतले किती दिवस क्षेत्रात गेले ते मोजायचे. उद्या ही १८० दिवसांची खिडकी एक दिवस पुढे सरकते. आत येण्याचा आणि बाहेर पडण्याचा, असे दोन्ही दिवस पूर्ण धरले जातात. रात्री साडेअकराला विमान उतरले तरी तो एक दिवस खर्च झाला.

मी दुसऱ्या समजाची बळी ठरले. त्या वर्षी १ ते २० सप्टेंबर असे वीस दिवस मी सुट्टीसाठी शेंगेन देशात होते. मग १५ नोव्हेंबरला पुन्हा तिथे गेले आणि ९० दिवस मोजून १२ फेब्रुवारीचे परतीचे तिकीट काढले. घराचे भाडेही तोपर्यंतचे भरले. सप्टेंबरची सहल संपली, मी बाहेर पडले, हिशेब मिटला, असे मी धरून चालले होते. डिसेंबरच्या मध्यावर एका रविवारी सहज भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने मागे मोजत गेले आणि हात थांबला. २३ जानेवारीपासून मागचे १८० दिवस २८ जुलैपर्यंत पोहोचत होते, म्हणजे सप्टेंबरचे वीसही दिवस त्या खिडकीत बसले होते. वीस आणि सत्तर मिळून नव्वद. २४ जानेवारीची सकाळ मला तिथे बेकायदा उजाडली असती. सप्टेंबरचा पहिला दिवस त्या खिडकीतून बाहेर पडणार होता तो थेट २८ फेब्रुवारीला, त्यामुळे वाट पाहण्यातही अर्थ नव्हता. मी २३ जानेवारीला क्षेत्र सोडले, तीन आठवड्यांचे भरलेले भाडे गमावले आणि ऐन कामाच्या गर्दीत दुसऱ्या देशात नवे घर शोधले.

म्हणून माझे ठाम मत आहे की हा हिशेब एकदा हातानेच करावा. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर मुक्कामाचे दिवस मोजणारे गणकयंत्र आहे आणि ते वापरावेच, पण त्यात आधीच्या सहलींच्या तारखा आपणच भरायच्या असतात आणि विसरलेली सहल त्याला कळत नाही. जुन्या पासपोर्टातले शिक्के आणि तिकिटांचे ईमेल समोर ठेवून मागच्या सहा महिन्यांतला प्रत्येक दिवस कॅलेंडरवर रंगवावा. शेवटी निदान पाच दिवस हाताशी राखून परतीची तारीख ठरवावी, कारण हिवाळ्यात बर्फ आणि धुक्यामुळे विमाने रद्द होतात, आणि नव्वदावा दिवस विमानतळावर घालवण्याइतके वाईट काही नाही.

शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवरही एक सापळा आहे. त्यावर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा असतात आणि मुक्कामाच्या दिवसांचा आकडा वेगळा छापलेला असतो. व्हिसा सहा महिने वैध असला आणि दिवसांच्या रकान्यात ३० असले, तर त्या सहा महिन्यांत एकूण तीसच दिवस राहता येते. माझ्या ओळखीतल्या दोघांनी वैधतेच्या तारखा पाहून घरे घेतली होती. चूक लपेल अशी आशाही ठेवू नये: १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर प्रवेश आणि निर्गमन यांची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. चेहरा आणि बोटांचे ठसे घेतले जातात आणि ठरलेली मुदत कोणी ओलांडली ते यंत्रणा आपोआप दाखवते. दंड, प्रवेशबंदी आणि पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जावर त्याची सावली, असे हे प्रकरण वाढत जाते.

दिवस बसले म्हणजे काम करण्याचा हक्क मिळाला, असेही नाही. पर्यटक म्हणून मिळालेला प्रवेश राहण्याचा असतो. तिथे बसून परदेशी कंपनीचे काम करणे चालते का, याचे उत्तर प्रत्येक देशाचे वेगळे आहे आणि काहींचे संदिग्ध आहे. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४ पासून पाहुण्यांना आपले नेहमीचे रिमोट काम करण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिली, पण भेटीचा मुख्य हेतू ते काम नसावा ही अट घातली. चार महिने लॅपटॉपसमोर बसण्याचा बेत या अटीत बसवण्याचा प्रयत्न करू नये. पूर्ण हिवाळ्यासाठी सरळ मार्ग म्हणजे रिमोट काम करणाऱ्यांसाठीचा खास व्हिसा. एस्टोनियाने तो २०२० मध्ये सुरू केला, पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२ मध्ये, स्पेनने २०२३ मध्ये; थायलंडने २०२४ मध्ये पाच वर्षांचा व्हिसा आणला, ज्यावर एका प्रवेशात १८० दिवस राहता येते. शेंगेन देशाने दिलेल्या दीर्घ मुदतीच्या व्हिसावर किंवा निवास परवान्यावर त्या देशात घालवलेले दिवस ९० दिवसांच्या हिशेबात धरले जात नाहीत, हा त्याचा मोठा फायदा. उत्पन्नाच्या अटी दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या वकिलातीच्या संकेतस्थळावरच वाचाव्यात.

कराचे दिवस वेगळ्या पानावर मोजावेत. शेंगेनचे दिवस सगळ्या देशांचे मिळून असतात, कराचे दिवस एकेका देशाचे. अनेक देशांत १८३ दिवसांचा टप्पा ओलांडला की माणूस तिथला करनिवासी, म्हणजे करासाठी तिथला रहिवासी, ठरतो, पण ही एकमेव कसोटी नाही. कायमचे घर कुठे आहे, कुटुंब आणि आर्थिक व्यवहार कुठे आहेत, हेही पाहिले जाते. तीन-चार महिन्यांचा एकच मुक्काम बहुधा या टप्प्याच्या आत राहतो. प्रश्न येतो तो त्याच देशात उन्हाळ्यात पुन्हा जाणाऱ्यांना, कारण काही ठिकाणी मोजणी कॅलेंडर वर्षाने होते आणि काही ठिकाणी सलग बारा महिन्यांनी. असा बेत असेल तर करसल्लागाराची फी वाचवू नये.

कंपनीची परवानगी लेखी घ्यावी

तोंडी होकारावर जाऊ नये. माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात वरिष्ठांनी आनंदाने ‘जा’ म्हटले होते. पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी अनोळखी देशातून लॉगिन झाले म्हणून कंपनीच्या यंत्रणेने माझे खाते गोठवले आणि ते उघडायला तीन दिवस गेले. पत्रात देशाचे नाव, तारखा आणि कंपनीचा लॅपटॉप बाहेर नेण्याची संमती हवी, आणि त्याची प्रत माहिती सुरक्षा पाहणाऱ्या विभागाकडे गेलेली हवी. कंपनी का कचरते हेही समजून घ्यावे: कर्मचारी परदेशात बसून करार करू लागला तर तिथले करखाते कंपनीची तिथे कायम आस्थापना आहे, म्हणजे तिथेही तिचा कर लागणारा व्यवसाय आहे, असे मानू शकते, आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी कोणत्या देशात भरायची हा प्रश्नही उभा राहतो. युरोपीय संघातले कर्मचारी त्यासाठी ए-वन (A1) नावाचे, वर्गणी कोणत्या देशात भरली जाते ते दाखवणारे प्रमाणपत्र घेतात. आपण करारांवर सह्या करणार नाही आणि अमुक तारखेला परतणार आहोत, हे अर्जात स्वतःहून लिहिले की होकार लवकर येतो, असा माझा अनुभव आहे.

घर: आधी ऊब विचारा

दक्षिण युरोपात हिवाळा सौम्य असतो हे खरे, पण ते घराबाहेर. लिस्बनमध्ये जानेवारीत दुपारचे सरासरी तापमान १५ अंशांच्या आसपास आणि रात्रीचे ८ अंशांच्या आसपास असते. तिथली अनेक जुनी घरे फरशीची, एकपदरी काचांची आणि मध्यवर्ती तापयंत्रणा नसलेली असतात. अशा एका घरात मी सकाळी नऊच्या बैठकीला बसत असे तेव्हा खिडकीच्या काचेवरून आतल्या बाजूने पाणी ओघळत असे, कपाटाच्या मागे काळी बुरशी धरली होती आणि बोटे इतकी गारठत की मी दर अर्ध्या तासाने गरम पाण्याच्या पेल्याला हात लावून येई. घरमालकाला ‘हीटर आहे का’ असे विचारू नये, उत्तर नेहमी ‘आहे’ असेच येते. प्रत्येक खोलीत कोणता आहे, विजेचे बिल भाड्यात धरले आहे का, त्यावर मर्यादा आहे का आणि काम करायच्या खोलीत ऊन किती वाजता येते, हे विचारावे. उत्तराभिमुख खोली हिवाळ्यात स्वस्त मिळाली तरी उत्तर गोलार्धात घेऊ नये.

इंटरनेटचा वेग आकड्यात मागावा आणि अपलोडचा वेग वेगळा मागावा, कारण व्हिडिओ बैठक त्यावर चालते. खरी खुर्ची आणि टेबल यांचे छायाचित्र मागवावे. पहिल्यांदा दोनच आठवड्यांचे घर घ्यावे आणि पुढचे तिथे जाऊन पाहून ठरवावे.

घड्याळ

युरोपात घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. वसंतात अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलते आणि युरोप शेवटच्या. या मधल्या दिवसांत दोन्हीकडचे अंतर तासाभराने हलते आणि हमखास कोणीतरी बैठक चुकवतो. कॅलेंडरमधील बैठकांना वेळक्षेत्र जोडलेले आहे ना, ते निघण्याआधी तपासावे. पाच तासांपेक्षा जास्त फरक असलेला देश मी निवडत नाही. मध्यरात्रीच्या बैठका दोन आठवडे निभतात, तीन महिने नाही.

ओटीपी

बँक आणि कंपनी यांचे ओटीपी ज्या क्रमांकावर येतात, ते सिम चालू राहिले पाहिजे. निघण्याआधी रोमिंग सुरू करावे, इंटरनेटसाठी परदेशी ई-सिम वेगळे घ्यावे आणि जिथे सोय असेल तिथे ओटीपी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवर घ्यावा. फोन नसताना खाते उघडण्यासाठीचे पर्यायी कोड कागदावर लिहून लॅपटॉपपासून दूर, वेगळ्या बॅगेत ठेवावेत. फोन हरवला तर सगळे दरवाजे एकदम बंद होतात, म्हणून जुना फोन सोबत असू द्यावा.

उरलेले

विमा पूर्ण मुदतीचा घ्यावा. पुष्कळ प्रवास विम्यांत एका सहलीच्या दिवसांवर मर्यादा असते आणि शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे संरक्षण लागते. औषधे मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीवर औषधाच्या मूळ घटकाचे नाव असावे. पॉवर बँक हातातल्या सामानात, १०० वॉट-अवरपर्यंत. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असेल तर फक्त प्लगचा अडॅप्टर पुरतो.

निघण्याच्या दहा दिवस आधी एक रंगीत तालीम करावी. कामाचा एक पूर्ण दिवस फक्त बॅगेत जाणाऱ्या वस्तूंवर आणि फोनच्या इंटरनेटवर काढावा: तोच हेडफोन, तीच वायर, घरातला मोठा स्क्रीन बंद. माझ्या पहिल्या तालमीत दुपारच्या आतच तीन गोष्टींची उणीव निघाली आणि त्या बाजारातून आणायला हातात वेळ होता. मग पोहोचल्यावर सामान उघडण्याआधी बोर्डिंग पासचे छायाचित्र काढावे आणि त्या दिवसाच्या चौकटीत कॅलेंडरवर एक हा आकडा लिहावा.