ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवीचे मोल कसे जोखावे

इंदूरला भंवरकुआंच्या चौकात उभे राहिले की कोचिंगच्या पाट्यांच्या दाटीत एखादी पाटी ‘घर बैठे डिग्री’ अशीही दिसते. एका महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रवेशअर्जांची कागदपत्रे तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे रामबाग, राजेंद्रनगर, सुदामानगर इकडच्या मराठी घरांतून जानेवारी आणि जुलैच्या प्रवेशांच्या तोंडावर एक प्रश्न हमखास येतो: “काका, ही पदवी चालते का?” यावर माझा उलट प्रश्न असतो, की ती कोणाच्या टेबलावर चालवायची आहे? हे आधी ठरल्याशिवाय मोलाचा हिशेब सुरूच होत नाही.

कायद्यापुरते उत्तर स्पष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या विनियमांनुसार, आयोगाची मान्यता असलेल्या विद्यापीठाने मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने दिलेली पदवी व पदव्युत्तर पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते आणि 2022 मध्ये आयोगाने हे पुन्हा जाहीरपणे सांगितले. त्यामुळे राज्य लोकसेवा आयोगाची, म्हणजे आपल्याच गावात मुख्यालय असलेल्या एमपीपीएससीची, राज्य सेवा परीक्षा द्यायची असेल आणि त्यासाठी केवळ ‘कोणतीही पदवी’ हवी असेल, तर मान्यताप्राप्त दूरस्थ बी.ए. पुरेशी आहे. विजयनगरातल्या किंवा सुपर कॉरिडॉरवरच्या खासगी कंपनीचे टेबल मात्र वेगळे. समकक्षतेचा नियम खासगी मालकाच्या निवडीवर बंधन घालत नाही, आणि काही कंपन्या जाहिरातीतच ‘फुल टाइम’ पदवीची अट घालतात. जिथे जायचे आहे तिथल्या दोन-चार जुन्या जाहिराती काढून पात्रतेचा रकाना शब्दशः वाचावा. समुपदेशकाच्या तासभर बोलण्यापेक्षा त्या दोन ओळी जास्त सांगतात. आधीच सरकारी नोकरीत असलेल्याने प्रवेशापूर्वी खात्याची लेखी परवानगी घ्यावी, नाहीतर पदोन्नतीच्या वेळी तीच पदवी अडचणीची ठरू शकते.

यानंतर मान्यता. इथे बहुतेकांची एक चूक होते: ‘विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे ना’ एवढे पाहून ते थांबतात. दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाची मान्यता विद्यापीठाच्या नावाला सरसकट नसते. ती पद्धत, अभ्यासक्रम आणि शैक्षणिक सत्र यांना मिळून असते. एखाद्या विद्यापीठाला ऑनलाइन एम.बी.ए.ची मान्यता असेल, पण दूरस्थ एम.बी.ए.ची नसेल, मागच्या वर्षी असेल, पण यंदाच्या जुलै सत्राला नसेल. अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे ‘डेब’च्या, संकेतस्थळावर सत्रनिहाय याद्या असतात. त्यात विद्यापीठाचे पूर्ण नाव, अभ्यासक्रमाचे अचूक नाव आणि आपले सत्र या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत दिसल्या, तरच पुढे जावे. त्या पानाची तारखेसह प्रत काढून ठेवावी, कारण चार वर्षांनी कोणी विचारील तेव्हा ते पान तिथेच सापडेल याची खात्री नसते. 2024-25 पासून प्रवेशापूर्वी याच संकेतस्थळावर ‘डेब आयडी’, म्हणजे या विभागाचा ओळख क्रमांक, काढणे विद्यार्थ्याला बंधनकारक झाले आहे, आणि त्याला आधी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा ठेवणारे ऑनलाइन, खाते लागते. हा आयडी स्वतः काढावा. “आयडी आम्हीच काढून देतो, तुम्ही ओटीपी सांगा,” असे म्हणणाऱ्याला आपल्या वतीने भलतेच काही नोंदवण्याची मुभा आपणच देत असतो.

काही विषय मुळातच या पद्धतीने करता येत नाहीत. अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, वास्तुकला आणि विधी या पदव्या दूरस्थ किंवा ऑनलाइन देण्यास मनाई आहे, पीएच.डी.चेही तेच. पीथमपूरच्या कारखान्यातला डिप्लोमाधारक मुलगा “पत्राद्वारे बी.टेक.”ची चौकशी करतो, तेव्हा त्याला मी 2017 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतो. चार अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्या त्या निकालाने अडचणीत आल्या. 2001 ते 2005 या काळात प्रवेश घेतलेल्यांना परीक्षा देऊन पदवी वाचवण्याची संधी मिळाली, आणि नंतरच्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. नोकरीत मुरलेल्या माणसांवर ही वेळ आली. अशा मुलासाठी नोकरदारांना सोयीच्या वेळी वर्ग घेणारी महाविद्यालये हा मार्ग आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2023-24 पासून त्याला परवानगी दिली आहे.

या यादीत नुकतीच पडलेली भर पुष्कळांना माहीत नसते. जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषणशास्त्र, जैवतंत्रज्ञान अशा आरोग्याशी निगडित विषयांचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश आयोगाने थांबवले. घरचे सांभाळून मानसशास्त्रात एम.ए. करावे आणि समुपदेशन सुरू करावे, असा बेत आखलेल्या भगिनी माझ्या ओळखीत आहेत. त्यांना नवा रस्ता शोधावा लागणार, हे सांगताना मला वाईट वाटते. पण जुन्या माहितीपुस्तिकेच्या भरवशावर पैसे भरण्यापेक्षा ते बरे.

मराठी घरांतला आणखी एक प्रश्न नाशिकचा. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये महाराष्ट्राच्या कायद्याने स्थापन झाले आणि मराठीतून शिकण्याची ओढ असलेल्यांना ते जवळचे वाटते, हे स्वाभाविक आहे. परंतु राज्याच्या विद्यापीठाचे दूरस्थ शिक्षण त्या राज्याच्या हद्दीत चालते. त्याचे अभ्यासकेंद्र म्हणून इंदूरला कोणी दुकान थाटले असेल, तर पाटी वाचून सरळ पुढे चालू लागावे. इथे राहून दूरस्थ शिकायचे तर देशभर कार्यक्षेत्र असलेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे 1985 चे इग्नू, आणि आपल्या राज्याचे भोपाळचे भोज मुक्त विद्यापीठ हे सरळ पर्याय आहेत. ऑनलाइन अभ्यासक्रमांना हद्दीचे हे बंधन नाही.

आता दलाल. विनियमांनुसार विद्यापीठाला हे शिक्षण कंत्राटी शाखा काढून, म्हणजे फ्रँचायझीने, देता येत नाही. तरीही ‘वन सिटिंग’ आणि ‘बॅकडेट’ हे दोन शब्द आपल्याकडे उघड बोलले जातात. पहिल्याचा अर्थ तीन वर्षांची पदवी एका बैठकीत, दुसऱ्याचा अर्थ मागच्या तारखेचा प्रवेश. दोन्ही बनावट आहेत, आणि ते पकडायला गुप्तहेर लागत नाही. या पद्धतीच्या गुणपत्रिकेच्या, इकडच्या भाषेत अंकसूचीच्या, मागच्या बाजूस शिक्षणाची पद्धत, प्रवेशाची व पूर्ततेची तारीख आणि अभ्यासकेंद्र व परीक्षाकेंद्रांची नावे छापणे विनियमांनी आवश्यक केले आहे. तपासणारा कारकून आधी पान उलटतो. मीही तेच करीत असे. आमच्या शेजारच्या मुलाने एका ‘केंद्रा’त पहिल्या वर्षाचे पैसे रोख भरले होते. पावती पाहिली तर ती कुठल्याशा शिक्षणसंस्थेच्या नावाने फाडलेली, विद्यापीठाचा त्यावर साधा उल्लेखही नाही, आणि नोंदणी क्रमांकाच्या जागी पेनाने ‘लवकरच’ लिहिलेले. पुढच्या दिवाळीपर्यंत ते केंद्र राहिले नाही. शुल्क थेट विद्यापीठाच्या खात्यात भरावे, आणि पावतीवर नोंदणी क्रमांक पडल्याखेरीज प्रवेश झाला असे समजू नये.

शुल्काचा आकडा ऐकताना तो सत्राचा, वर्षाचा की संपूर्ण अभ्यासक्रमाचा, हे विचारावे. परीक्षा शुल्क, फेरपरीक्षेचे शुल्क, पदवी प्रमाणपत्राचे शुल्क आणि परीक्षाकेंद्राला जाण्यायेण्याचा खर्च त्यात मिळवावा. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून जे देऊ करतात ते बहुधा वित्तसंस्थेचे कर्ज असते. शिक्षण मध्येच सोडले तरी त्याचे हप्ते थांबत नाहीत, त्यामुळे तो करार सही करण्यापूर्वी वाचावा.

पैशापेक्षा वेळेचा हिशेब लोक कमी करतात, म्हणून तो आकड्यांत मांडतो. मुक्त शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे साधारण 30 तासांचा अभ्यास. वर्षाला 40 श्रेयांक धरले तर 1200 तास होतात, म्हणजे रोज सव्वातीन तासांहून थोडे अधिक. पाळी करून रात्री घरी येणाऱ्याला हे तास कुठून काढायचे, याचे उत्तर प्रवेशापूर्वी हवे. इग्नूच्या बी.ए.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे असतात. माझ्या पाहण्यात नोकरदारांनी सहा वर्षांचे वेळापत्रक आखून सुरुवात केली तेव्हा पदवी हाती लागली, आणि तीन वर्षांत उरकू म्हणणारे दुसऱ्या वर्षाच्या गृहपाठांपाशी अडकले. नियमित पदवी शिकणाऱ्या तरुणांना दुसरी सोय आहे: 2022 पासून महाविद्यालयातल्या एका पदवीबरोबर दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी एकाच वेळी घेता येते. देवी अहिल्या विद्यापीठातून बी.कॉम. करणाऱ्याने संगणकाचा एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम जोडला, तर कंपनीच्या टेबलावर त्याची बाजू नुसत्या दूरस्थ पदवीपेक्षा भक्कम असते, असे माझे मत आहे.

शेवटी निकालाची तारीख. इग्नूच्या सत्रअखेरच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात, आणि गृहपाठाचे गुण चढायला उशीर झाला की अंतिम निकालही लांबतो. ज्या परीक्षेसाठी किंवा नोकरीसाठी ही पदवी घ्यायची आहे, तिथे पदवी कोणत्या तारखेपर्यंत हातात असावी लागते हे पाहून शेवटचे सत्र तिच्या किमान सहा महिने आधी संपेल, असा प्रवेशाचा महिना निवडावा. गृहपाठ जमा केल्याची पोच, प्रत्येक पावती आणि मान्यतेच्या यादीची काढून ठेवलेली प्रत एकाच फायलीत असू द्यावी, आणि ती फाईल अंतिम अंकसूची हाती येईपर्यंत माळ्यावर टाकू नये.