इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीला घरच्या घरी नवा रंग देताना

इलेक्ट्रिक गिटारची बॉडी घरी रंगवता येते, मात्र या कामातला बहुतेक वेळ जुना रंग उतरवण्यात आणि नवा रंग वाळण्याची वाट पाहण्यात जातो. गिटार खरोखरच जुनी आणि मूळ रंगातली असेल तर तिला हात लावू नये, कारण मूळ रंग गेला की संग्राहकांच्या लेखी तिचे मोल बरेच उतरते. शिवाय नवा रंग अपारदर्शकच द्यायचा असेल आणि जुना थर घट्ट असेल, तर तो पूर्ण काढण्याची गरज नसते. ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मारून त्यावरच प्रायमर देणे शहाणपणाचे ठरते.

सुटे भाग काढण्यापूर्वी वायरिंगची छायाचित्रे घ्यावीत आणि ब्रिजकडे (बॉडीवरचा, तारा टेकतात तो धातूचा भाग) जाणारी अर्थिंगची वायर कोठून येते ते पाहून ठेवावे. त्यानंतर पिकगार्डखालच्या (बॉडीच्या दर्शनी बाजूवरची संरक्षक पट्टी) झाकलेल्या जागी अ‍ॅसिटोनचा बोळा घासून पाहावा. रंग चिकट होऊन बोळ्याला लागला तर ते बहुधा नायट्रोसेल्युलोज लॅकर असते आणि ते थिनरने किंवा पेंट रिमूव्हरने निघते. काहीच फरक पडला नाही तर बहुधा पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन असते. त्यासाठी हीट गन लागते. गन सतत हलती ठेवावी, रंग मऊ होऊन फुगू लागला की बोथट पट्टी त्याखाली हलकेच सरकवावी आणि पापुद्रा उचलत पुढे जावे. एकाच जागी उष्णता दिल्यास लाकूड करपते आणि तो डाग खोलवर जातो. कडेला प्लास्टिकची बाइंडिंग, म्हणजे शोभेची पट्टी, असेल किंवा मान (तारांखालचा लांब दांडा) सरसाने चिकटवलेली असेल, तर तेथे हीट गन वापरूच नये. काम मोकळ्या हवेत करावे, आणि रसायने वापरताना बाष्प शोषणारे फिल्टर असलेला मास्क घालावा, कारण साधा मास्क फार तर धूळ अडवतो.

उघड्या लाकडावर १२०, १८० आणि २२० या क्रमाने, रेषांच्या दिशेने पॉलिश पेपर फिरवावा. सपाट भागावर कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळावा, बाकदार भागावर मऊ पॅडला. मान बसते तो खाचा मात्र अजिबात घासू नये, अन्यथा मान सैल बसते. खोलगट पोचा पडला असेल तर त्यावर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवावी; दबलेले तंतू वाफेने बऱ्याचदा वर येतात. अ‍ॅश आणि महोगनीची छिद्रे ग्रेन फिलरने भरावी लागतात, ऑल्डर, बासवुड आणि मेपलला त्याची गरज सहसा पडत नाही. लाकूड दिसेल असा रंग मनात असल्यास येथे थांबून बॉडी निरखावी, कारण अपारदर्शक रंगाखाली अनेक तुकड्यांचे सांधे लपलेले असू शकतात.

मानेच्या खाच्यात स्क्रूने एक काठी बसवली की बॉडी धरणे सोपे जाते. सीलर (लाकूड बंद करणारा पहिला थर), रंग आणि क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) या क्रमाने स्प्रेचे पातळ थर द्यावेत; जाड थर ओघळतो. दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते, म्हणून कोरडा दिवस निवडावा. लॅकर पूर्ण कडक व्हायला साधारण महिना लागतो, आणि वास येत असेल तोवर ते झालेले नाही असे समजावे. मग १००० ते २००० नंबरच्या पेपरने पाणी लावून घासावे व पॉलिशिंग कंपाउंडने चकाकी आणावी. स्क्रूच्या भोकांत पाणी शिरल्यास लाकूड फुगून कडेचा रंग तडकतो, म्हणून ती आधी मेणाने बुजवावीत.

स्प्रेची खटपट नको असेल तर टंग ऑइलसारखे तेल चोळणे नवख्या माणसाला अधिक सोयीचे वाटते. तेलाने भिजलेली फडकी बोळा करून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत.

जोडणी करताना खाच्यात रंगाचा थर साचला असेल तर तो खरवडावा, आणि तारा चढवण्याआधी अर्थिंगची वायर ब्रिजच्या धातूला टेकली आहे याची मल्टिमीटरने खात्री करावी.