साथ चालू असताना विमानाने जायचंय? मग ही तयारी आधीच करून ठेवा

यादीत पहिलं काय, तर तिकीट नाही, मास्क पण नाही, पहिलं हे की आत्ता जाणं खरंच गरजेचं आहे का आणि ज्यांच्याकडे चाललोय तिथे घरात कोण आहे. म्हातारी माणसं, केमो चालू असलेलं कुणी, नुकतं जन्मलेलं बाळ असं कुणी असेल तर तुमची तयारी त्यांच्या हिशोबाने करायची, स्वतःच्या नाही. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला दोन दिवस कणकण येऊन जाईल, पण तेच दुखणं तुम्ही त्यांच्या घरात घेऊन जाणार. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की खालचं सगळं आपोआप करावंसं वाटतं, नाहीतर ते सगळं कटकटच वाटत राहतं.

आता तिकीट. जमेल तिथे थेट फ्लाइट घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, कारण मधे विमान बदलायचं म्हणजे अजून एक एअरपोर्ट, अजून एक बोर्डिंग, अजून एकदा त्याच रांगा. आणि तारीख बदलता येईल किंवा पैसे परत मिळतील असंच तिकीट बघा. ह्यावर मी मुद्दाम जोर देतोय, कारण आदल्या रात्री घसा खवखवायला लागला आणि तिकीट बदलता येत नसेल तर माणूस काय करतो, तर एक गोळी घेतो आणि जातो. साथ अशी पण पसरते हो. पैसे अडकलेले नसले की घरी थांबणं खूप सोपं होतं. इन्शुरन्स घेत असाल तर त्यात साथीच्या आजाराचं कव्हर आहे का, तिकडे जाऊन आजारी पडलात आणि आठवडाभर अडकलात तर राहण्याचा खर्च मिळतो का, हे बारीक अक्षरात वाचून घ्या, बऱ्याच पॉलिसींमधे महामारी सरळ वगळलेली असते.

सीट खिडकीची. खिडकीला बसलेला माणूस कमी उठतो आणि त्याच्याजवळून जाणारे येणारे पण कमी, मधल्या वाटेला लागून असलेल्या सीटवाल्याच्या अंगावरून सगळं विमान ये-जा करतं. टॉयलेटच्या जवळची सीट टाळा, तिथे सारखी माणसं उभी असतात.

आता जो मुद्दा बहुतेक जण उलटा समजतात त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. लोकांना भीती वाटते ती हवेत असतानाच्या बंद विमानाची, आणि एअरपोर्टवर मात्र मास्क हनुवटीवर असतो. उडत्या विमानातली हवा खरंतर बऱ्याच बंद जागांपेक्षा चांगली असते. मोठ्या जेट विमानांत साधारण निम्मी हवा बाहेरून येते आणि निम्मी हेपा फिल्टरमधून गाळून परत आत सोडतात, हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, आणि तासाला साधारण २० ते ३० वेळा पूर्ण हवा बदलेल इतका हा वेग असतो. शिवाय हवा वरून येते आणि त्याच ओळीच्या आसपास खालून ओढली जाते, पुढून मागे अशी सगळ्या विमानभर फिरत नाही. मग धोका कुठे, तर एक म्हणजे अगदी शेजारी आणि पुढच्या-मागच्या ओळीत बसलेला माणूस, कारण त्याचा श्वास फिल्टरपर्यंत पोचायच्या आधी तुमच्यापर्यंत पोचतो, आणि दुसरं म्हणजे विमान जमिनीवर असतानाचा वेळ, जेव्हा ही यंत्रणा बंद असू शकते किंवा कमी चालते.

ह्याचं एक जुनं उदाहरण डॉक्टर लोक अजून देतात. १९७७ साली अलास्कात एक विमान इंजिनाच्या बिघाडामुळे काही तास जमिनीवर अडकलं होतं, त्यातला बराच वेळ हवेची यंत्रणा बंद होती आणि आत एका बाईला फ्लू झालेला होता. विमानात होते ५४ जण, आणि पुढच्या तीन दिवसांत प्रवाशांपैकी ७२ टक्के आजारी पडले. नंतर २००३ मधे सार्सच्या (कोविडसारखाच श्वासातून पसरणारा आजार) साथीच्या वेळी हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या तीन तासांच्या एका फ्लाइटमधे एकाच आजारी माणसामुळे विमानातल्या २२ जणांना लागण झाल्याची नोंद आहे, आणि त्यातले काही तर त्याच्यापासून बऱ्याच ओळी लांब बसलेले. मार्च २०२० मधे लंडनहून हनोईला गेलेल्या फ्लाइटमधे पण असंच, जवळपास १० तासांचा प्रवास, तेव्हा मास्कची सक्ती नव्हती, आणि बिझनेस क्लासमधल्या एका बाईंमुळे बहुधा १५ जणांना कोविड झाला, त्यातले १२ त्याच क्लासमधले. म्हणजे फिल्टर आहे म्हणून निर्धास्त असं पण नाही. फिल्टर आणि मास्क दोन्ही लागतात. आणि काही छोट्या विमानांत हेपा नसतोच, तेव्हा छोट्या विमानाचं तिकीट असेल तर कंपनीला सरळ विचारा.

मास्क कापडी नको, साधा सर्जिकल पण नको, कारण तो बाजूने उघडा राहतो. एन९५ किंवा एफएफपी२ घ्या, एन९५ म्हणजे बारीक कणांतले निदान ९५ टक्के अडवणारा, एफएफपी२ साठी तो आकडा ९४. पण हा आकडा तेव्हाच खरा जेव्हा मास्क चेहऱ्याला सगळीकडून चिकटून बसतो. म्हणून प्रवासाच्या दिवशी पाकीट फोडू नका, आठवडाभर आधी दोन-तीन प्रकारचे आणून घरी घालून बघा, नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबा, जोरात श्वास सोडा, चष्म्यावर वाफ आली किंवा गालाजवळ हवा लागली म्हणजे तो तुमचा नाही. कानामागे अडकवायच्यापेक्षा डोक्यामागून पट्टा जाणारा जास्त घट्ट बसतो आणि कान पण दुखत नाहीत. दाढी असेल तर ती मास्कच्या कडेखाली येता कामा नये, ती असेपर्यंत सील बसतच नाही. व्हॉल्व्हवाला मास्क नको, त्यातून तुमचा श्वास न गाळता बाहेर जातो आणि साथीत अनेक विमान कंपन्या तो चालवूनच घेत नव्हत्या. घरी दोन-तीन तास सलग घालून कामं करा म्हणजे सवय होते, आणि बॅगेत एक्स्ट्रा ठेवा, ओला झाला किंवा पट्टा तुटला तर बदलायला. नुसती फेस शील्ड मास्कच्या जागी चालत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क घालायचाच नाही, त्याला खिडकीच्या बाजूला घ्या आणि आसपासच्या मोठ्यांनी घाला.

कागदपत्रं. नियम साथीत आठवड्याला बदलतात, म्हणून तिकीट काढताना एकदा, चार दिवस आधी एकदा आणि आदल्या दिवशी एकदा अशी तीनदा जिथे जाताय तिथल्या सरकारच्या आणि विमान कंपनीच्या साइटवर बघा, ओळखीच्यांच्या फॉरवर्डवर जाऊ नका. मधे जिथे विमान बदलणार तिथले नियम वेगळे असतात हे लोक हमखास विसरतात. कोविडच्या वेळी अनेक देशांचा ७२ तासांच्या आतल्या आरटी-पीसीआरचा नियम होता, आणि त्यातली मेख अशी की कुठे ते तास सँपल दिल्यापासून मोजायचे तर कुठे रिपोर्ट आल्यापासून, तर हे आधी बघून मग लॅबची वेळ घ्या. रिपोर्टवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरानं अक्षर जुळलं पाहिजे. लस घ्यायची असेल तर निदान दोन आठवडे आधी घ्या, आदल्या दिवशी घेऊन काही उपयोग नाही, शरीराला वेळ लागतो. सगळ्याचे फोटो फोनमधे आणि एकेक प्रिंट कागदावर, फोनची बॅटरी संपली की क्यूआर कोड उघडत नाही.

हातातली बॅग लहान ठेवा, सीटखाली मावेल एवढी, म्हणजे वरचा कप्पा उघडायला लोकांच्या घोळक्यात उभं राहावं लागत नाही. त्यात रोजची औषधं, आणि ती प्रवासाच्या दिवसांपेक्षा निदान दोन आठवडे जास्तीची, कारण तिकडे पॉझिटिव्ह आलात तर मुक्काम वाढणार. प्रिस्क्रिप्शन सोबत. थर्मामीटर, तापाची गोळी, रॅपिड टेस्टची किट माणशी दोन-तीन. सॅनिटायझर किमान ६० टक्के अल्कोहोलचा, बाटली १०० मिलीच्या आतली म्हणजे सिक्युरिटीला अडत नाही. पॉवर बँक पण हातातल्याच बॅगेत, ती चेक-इनच्या सामानात चालत नाही. सीटचा हात, ट्रे, बेल्टचं बक्कल एकदा वाइपने पुसून घ्या आणि विषय संपवा, हवेतून पसरणाऱ्या आजारात पुसण्यापेक्षा श्वास महत्त्वाचा. हातमोजे नकोत, ते घालून लोक चेहऱ्याला हात लावतच राहतात, त्यापेक्षा २० सेकंद साबणाने हात धुणं बरं.

ज्यांना नुकताच न्यूमोनिया होऊन गेलाय किंवा फुप्फुसाचा, हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. विमानातला दाब साधारण ६००० ते ८००० फूट उंचीवर असल्यासारखा ठेवतात, तिथे धडधाकट माणसाचा ऑक्सिजन पण थोडा उतरतो, आणि ज्याचा जमिनीवरच कमी आहे त्याला हे झेपेलच असं नाही.

निघायच्या आधीचे पाच-सात दिवस मोठे समारंभ, गर्दीची जेवणं टाळा. निघायच्या दिवशी सकाळी ताप बघा, टेस्ट करा. टेस्ट निगेटिव्ह पण घसा दुखतोय, अंग मोडून आलंय, तर जाऊ नका. रॅपिड टेस्ट सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत चुकू शकते, म्हणजे लक्षणं असताना निगेटिव्ह आली तर ती परवानगी नाही.

एअरपोर्टवर मास्क दारातून आत शिरताना चढवायचा तो तिकडच्या एअरपोर्टच्या दाराबाहेर पडल्यावरच काढायचा. चेक-इन ऑनलाइन. पोटभर घरीच खाऊन निघा. गेटजवळ सगळे एकाच ठिकाणी दाटीने बसतात, तुम्ही शेजारच्या रिकाम्या गेटपाशी बसा, घोषणा तिथे पण ऐकू येते. ओळख पटवायला मास्क खाली करायला सांगतात तेव्हा आधी श्वास घ्या, रोखा, मास्क खाली, चेहरा दाखवा, मास्क वर, मग श्वास सोडा, सगळं मिळून पाच सेकंद. बोर्डिंगला घाई करून पुढे जायचं काही कारण नाही, सीट तुमचीच आहे, बोगद्यासारख्या त्या पुलात किंवा विमानापर्यंत नेणाऱ्या बसमधे खेटून उभं राहणं हाच प्रवासातला वाईट भाग, तेव्हा शेवटी शेवटी चढा.

बसलात की डोक्यावरचं हवेचं नोझल उघडा आणि झोत चेहऱ्यासमोरून खाली जाईल असा ठेवा, थंडी वाजली तर शाल घ्या पण ते बंद करू नका. काही जण सोबत कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं मशीन नेतात, मोकळ्या हवेत ते साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) दाखवतं आणि विमानात हजाराच्या वर जाताना बघून घाबरतात, पण फिल्टर विषाणू अडवतो, कार्बन डायऑक्साइड नाही, त्यामुळे उडत्या विमानात तो आकडा धोका वाढवून दाखवतो. जमिनीवर उभ्या विमानात आकडा चढत असेल आणि वरून हवा येत नसेल तर मात्र क्रूला बोलवून विचारा की हवा चालू आहे का. संकोच करू नका, हा तुमच्या शेजारच्या आजोबांचा पण प्रश्न आहे.

खाण्याचं असं, की सगळे एकदम मास्क काढतात तो अर्धा-पाऊण तास तुम्ही मास्कमधेच बसा, आणि शेजारच्यांचं आवरून त्यांनी मास्क घातले की मग पटकन खा. छोट्या फ्लाइटमधे खाऊच नका. पाण्याचं मात्र तसं करू नका, बरेच जण मास्क काढायला नको म्हणून आणि टॉयलेटला जायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत आणि खिडकीला तासन्‌तास न हलता बसतात, विमानातली हवा खूप कोरडी असते आणि चार तासांपेक्षा जास्त बसून राहिलं की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. एक-एक घोट घेऊन मास्क लगेच वर, आणि बसल्या जागी घोटे फिरवत, टाचा उचलत राहा. टॉयलेटला झाकण बंद करून मग फ्लश.

उतरताना चाकं टेकली की सगळे उभे राहतात. तुम्ही बसून राहा, मास्क घट्ट, आपली ओळ आली की उठा.

पोचल्यावर पहिले पाच दिवस घरात म्हाताऱ्या माणसांजवळ बसताना मास्क ठेवा, खिडक्या उघड्या, जमलं तर वेगळ्या खोलीत झोपा, हे आधीच फोनवर बोलून ठेवा म्हणजे दारात गैरसमज होत नाहीत. टेस्ट उतरल्या दिवशी करून फारसा उपयोग नाही कारण प्रवासात झालेली लागण इतक्या लवकर दिसत नाही, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी करा, मधे लक्षण दिसलं तर लगेच. पॉझिटिव्ह आलात तर कुठे वेगळं राहायचं, कुठला दवाखाना, कोण जेवण आणून देईल हे पण निघायच्या आधीच ठरवून ठेवा. आणि बोर्डिंग पास १४ दिवस तरी फेकू नका, त्यावर सीट नंबर असतो, आरोग्य खात्याला तुमच्या ओळीतल्या लोकांना शोधायची वेळ आली तर तोच पहिला विचारतात.