बायोसची चिप हाताळताना: नव्याने बोर्ड रिपेअरिंग शिकणाऱ्यांसाठी

बोर्ड रिपेअरिंग शिकायला लागलो तेव्हा मला वाटायचं, बायोस, म्हणजे मशिन सुरू करणारा पहिला प्रोग्राम, बोर्डावरच्या त्या गोल सेलच्या जिवावर टिकतो. सेल काढला की बायोस रीसेट होतो, एवढंच पाहिलेलं! नव्याने येणाऱ्या बहुतेकांची हीच गल्लत होते. सीआर२०३२ सेल घड्याळ चालू ठेवतो, आणि जुन्या बोर्डांवर सेटिंग्जही. बायोस असतो बहुधा आठ पिनांच्या एका फ्लॅश चिपमध्ये, आणि वीज नसली तरी तिचं काही बिघडत नाही. नव्या बोर्डांवर बूटच्या क्रमासारख्या काही सेटिंग्जही त्याच चिपमध्ये लिहिल्या जातात. मग सेल काढूनही त्या जागच्या हलत नाहीत.

चिपवर भिंगातून ‘२५क्यू१२८’ असं काहीतरी दिसेल. हे १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाइट. मी १२८ मेगाबाइटची फाइल शोधत अर्धा दिवस घालवला होता.

फ्लॅशची गंमत अशी की पुसलेल्या जागेत सगळे बिट १ असतात. फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये नुसती एफएफ, एफएफची रांग दिसते (एफएफ म्हणजे आठही बिट १). लिहिणं म्हणजे हवे ते बिट ० करणं, तेही एका वेळी फार तर २५६ बाइट. ०चा पुन्हा १ करायचा तर एकटा बिट बदलता येत नाही, किमान ४ किलोबाइटचा अख्खा सेक्टर पुसावा लागतो. म्हणून अपडेट चालू असताना वीज जाणं महागात पडतं: जुनं पुसून झालेलं, नवं अर्धंच उतरलेलं. एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या घराण्यातला) प्रोसेसर पहिली सूचना ४ जीबीच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडून उचलतो, आणि ती जागा याच चिपकडे वळवलेली असते. तिथे एफएफ सापडलं की पंखा फिरतो, स्क्रीन काळीच राहते.

असाच एक लॅपटॉप माझ्याकडे आला. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बोर्डाचा डंप (चिपमधल्या सगळ्या डेटाची फाइल) मिळाला, तो जसाच्या तसा चढवला. सुरू झाला, मी खूश. दोन दिवसांनी तो परत आला: सिरियल नंबर परका, मॅक ॲड्रेस परका, विंडोजचं ॲक्टिव्हेशन गेलेलं. चिपमध्ये एकटा बायोस नसतो. इंटेलच्या बोर्डांवर सुरुवातीला डिस्क्रिप्टर (चिपमधल्या भागांचा नकाशा) असतो, मग मॅनेजमेंट इंजिनचा (इंटेलच्या चिपसेटमधल्या वेगळ्या छोट्या प्रोसेसरचा) भाग, काही बोर्डांवर लॅनचा, शिवाय त्या मशिनची स्वतःची माहिती. मूळ डंप मी काढलाच नव्हता. अर्धवट का होईना, त्यात ही माहिती शाबूत असण्याची शक्यता होती.

आता आधी चार्जर, बॅटरी, सेल काढतो आणि चिपचा नंबर डेटाशीटमध्ये पाहतो. काही चिप १.८ व्होल्टच्या असतात, त्यांना ३.३ दिले तर चिप जाऊ शकते. स्वस्तातले काही प्रोग्रामर (चिप वाचायची-लिहायची उपकरणं) तर डेटा लाइनवर ५ व्होल्ट सोडतात, मीटर लावून बघाच. मग चिपच्या पिनांवर प्रोग्रामरची क्लिप लावून चिपचा आयडी वाचायचा. विनबॉन्डच्या १६ मेगाबाइटच्या नेहमीच्या चिपचा ‘ईएफ ४० १८’ येतो. नुसतं एफएफ आलं तर बहुतेक वेळा क्लिप नीट बसलेली नसते. चिप दोनदा वाचायची, दोन्ही फाइल ताडून बघायच्या. एका बाइटचा फरक निघाला तरी क्लिप काढून पुन्हा. हे कंटाळवाणं आहे, पण मी एकदाही टाळत नाही.

कंपनीच्या साइटवरची फाइल थेट प्रोग्रामरने चढवू नका. तिला अनेकदा वेगळं आवरण असतं आणि आकार चिपशी जुळत नाही. चालू मशिनवर साधं अपडेट करायचं असेल तर आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) थांबवा, नाहीतर सुरू होताच रिकव्हरी की मागेल.

सरावाला भंगारातल्या बोर्डाची चिप घ्या. वाचा, पुसा, सगळीकडे एफएफ दिसतंय का बघा, परत लिहा. अशा चिपचा प्रत्येक सेक्टर साधारण १ लाख वेळा पुसता येतो, तेव्हा हात आखडू नका.