घरच्या दुधापुरती गाय घेताना

आमच्या जळगावकडं मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. घरच्या दुधासाठी ऊन न सोसणाऱ्या विदेशी होल्स्टीन गायीच्या नादी लागू नका. देशी गीर घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या वेताची (दोन-तीनदा व्यालेली). दादर ज्वारीचा कडबा, सरकीची ढेप तिला मानवते.

बाजारात भाव कळतो, गाय नाही कळत. तिथं धार न काढता कास तुंबवून आणतात. ओळखीच्या गोठ्यावर संध्याकाळी जा, समोर पूर्ण पिळायला लावा, सकाळी पुन्हा. सकाळचं माप खरं. चारही सडांची पहिली धार काळ्या ताटलीत घ्या. गाठी दिसल्या तर दगडी, म्हणजे कासेची सूज, समजा. पिळल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबली पाहिजे. घरातल्या बाईला हात लावू देते का? धार शेवटी तीच काढणार!

ब्रुसेलाची, म्हणजे गाभ टाकायला लावणाऱ्या रोगाची, रक्ततपासणी इसार देण्याआधीच. वासरू सोबतच आणा, नाहीतर गीर पान्हा चोरते.