पिस्तूल घ्यायच्या आधी डोळे तपासा

कॉलेजात असताना नेमबाजी केलेली, स्टेटपर्यंत मजल मारलेली, मग नोकरी, लग्न, पोरंबाळं आणि आता चाळिशी उलटल्यावर पुन्हा रेंजवर जावंसं वाटतंय, अशा मंडळींचे फोन हल्ली मला बरेच येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : पिस्तूल कोणतं घेऊ? माझं उत्तरही ठरलेलं : पिस्तूल राहू दे, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन या.

मी कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर शिकले. एनसीसीच्या पॉइंट टू-टू (.२२ बोअरच्या) रायफलपासून सुरुवात, पुढे १० मीटर एअर पिस्तूल. मग भला मोठा खंड. आता पुण्यात राहते आणि पुन्हा मॅचेस खेळते. खाली लिहिलंय ते मुख्यतः एअर पिस्तूलवाल्यांसाठी. रायफलवाल्यांनी त्यातलं आपल्यापुरतं उचलावं.

बोटाबद्दल आधी सांगते, कारण तेवढीच खुशखबर आहे. ट्रिगर परत येतो. एकेकाळी ज्याने हजारो शॉट नीट मारलेत त्याचं बोट विसरत नाही. पहिला टप्पा ओढून घेणं, तिथे थांबणं, मग उरलेला दाब सावकाश वाढवत नेणं, हे सगळं आत कुठेतरी शाबूत असतं. एअर पिस्तूलच्या ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम लागतं, हा नियमही तसाच आहे. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात दोन-चार सुंदर दहा लागतात आणि माणूस हुरळून जातो. घोटाळा तिथून सुरू होतो. लगेच जुना स्कोअर आठवतो, सरांना फोन जातो, महागड्या पिस्तुलाची चौकशी होते. बोट परत आलं म्हणजे सगळं परत आलं असं नाही. डोळा येत नाही, खांदा येत नाही आणि मॅचही तुम्ही सोडून गेलात तशी राहिलेली नाही.

डोळ्यावर जरा जास्त लिहिते, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. पिस्तुलात मागच्या साइटची (नेम धरायच्या खुणेची) खाच, पुढची साइट आणि टार्गेट अशा तीन अंतरांवरच्या तीन गोष्टी असतात. डोळ्याला एका वेळी एकच स्वच्छ दिसणार. ती पुढची साइट हवी, टार्गेटचा काळा गोळा धूसर राहिला तरी चालतो, हे सरांनी आपल्याला घोकून घोकून शिकवलेलं असतं. पण पुढची साइट डोळ्यापासून साधारण मीटरभरावर असते आणि पंचेचाळिशीच्या आसपास तिथे नजर धरवत नाही. मग आपल्या नकळत डोळा काळ्यावर जाऊन बसतो, कारण तिथे त्याला आराम वाटतो. काळा मस्त कोरीव दिसतो, हात स्थिर वाटतो आणि शॉट मात्र डावी-उजवीकडे सात-आठमध्ये पसरतात.

यामागचं गणित करून बघा. दोन्ही साइट एका रेषेत राहिल्या आणि अख्खा हात सरळ पाच मिलिमीटर सरकला, तर पेलेट (छर्रा) पाच मिलिमीटरच सरकेल. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, पेलेट ४.५ मिलिमीटरचं, म्हणजे तो शॉट आरामात दहा. पण पुढची साइट खाचेत फक्त एक मिलिमीटर बाजूला गेली, तर दहा मीटरवर तो फरक साधारण तीस मिलिमीटर होतो. हातात आला सात. हात हलतो म्हणून रडणारे खूप भेटतात. साइट दिसत नाही हे त्यांतल्या फार थोड्यांच्या लक्षात येतं.

उपाय सोपा आहे, फक्त डॉक्टरांना नीट सांगावं लागतं. ‘वाचायला त्रास होतो’ असं सांगितलंत तर ते चाळीस सेंटिमीटरचा चष्मा देतील आणि पुढची साइट पुन्हा धूसर. हात लांब करून पिस्तूल धरा, घरच्या कुणाला तरी डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंत टेप धरायला सांगा आणि तो आकडा घेऊन जा. लांबच्या नंबरात अधिक ०.५० किंवा ०.७५ मिळवून बहुतेकांचं काम होतं. दोन्ही लेन्स ट्रायल फ्रेममध्ये घालून भिंतीवरच्या एखाद्या बारीक उभ्या रेघेकडे बघून ठरवा. प्रोग्रेसिव्ह चष्मा रेंजवर नकोच. मान जरा वरखाली झाली की नंबर बदलतो. नेमबाजीची खास फ्रेम मिळते, तिच्यात लेन्स नेमक्या डोळ्यासमोर काटकोनात बसते. दुसरा डोळा मिटू नका, त्याच्यापुढे पांढरट पट्टी लावा. तिची रुंदी ३० मिलिमीटरपर्यंत चालते. पॅरिसला २०२४ मध्ये मिक्स्ड टीमचं रौप्य घेणारा तुर्कस्तानचा युसूफ दिकेच साध्या चष्म्यात, एक हात खिशात घालून उभा होता आणि ते फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. ‘त्याला लागत नाही, मला कशाला?’ हे मी रेंजवर पुष्कळ वेळा ऐकलंय. तो दोन्ही डोळे उघडे ठेवून वर्षानुवर्षं मारत आलेला माणूस आहे, आपण नाही.

रायफलवाल्यांचं नशीब जरा बरं. पीप साइटच्या बारीक छिद्रातून बघताना जवळचं-लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, त्यामुळे वय थोडं उशिरा जाणवतं.

आता गोळ्यांबद्दल. हे कुणी सांगत नाही म्हणून ठळकपणे सांगते. बीपीसाठी, धडधडीसाठी किंवा मायग्रेनसाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या (मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल वगैरे) नेमबाजीत बंदी असलेल्या औषधांत येतात, आणि तेही मॅचपुरत्या नाही, वर्षभर. काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंबही त्यातच. दोन औषधं एकत्र असलेल्या बीपीच्या कित्येक गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, ते तर सगळ्याच खेळांत बंद. बीजिंगला २००८ मध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची पिस्तुलातली दोन पदकं प्रोप्रॅनोलॉलमुळेच गेली. तुम्ही जिल्ह्याच्या मॅचला आलात म्हणून कुणी डोपिंग चाचणीची बाटली घेऊन मागे लागणार नाही, पण पुढे जायचा विचार असेल तर आत्ताच डॉक्टरांना सांगा की मी नेमबाजी करते, दुसरं औषध चालेल का. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. नाहीच बदलता आली तर गोळी चालू ठेवा आणि क्लबात हौसेने मारा. खेळापायी बीपी वाढवून घेऊ नये.

मॅच बदलली म्हणजे काय, तर आमच्या वेळी मुलींना ४० शॉट असत, ४०० पैकी स्कोअर. २०१८ पासून बायकांनाही पुरुषांसारखे ६०. पंधरा मिनिटं तयारी आणि साइटर (न मोजले जाणारे सरावाचे शॉट), मग इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटांत ६० शॉट. तुमचा जुना ३७० म्हणजे दहा शॉटच्या सिरीजला साडेब्याण्णव, आजच्या हिशेबात ५५५. कागदावर हे गुणाकाराने जमतं, खांद्याला जमत नाही. चौथ्या सिरीजपर्यंत जुनी ओळख पटते. पाचवी आणि सहावी आपण आयुष्यात कधी मारलेलीच नसते. फायनलही बदलली : २०१३ पासून क्वालिफिकेशनचे गुण पुढे जात नाहीत, फायनलच्या आठही जणी शून्यापासून सुरू करतात. पण तिथवर पोचलात की बघू.

खांद्याचं काम घरी होतं. पिस्तूल किलोभराचं असतं, लिटरभर पाण्याची बाटली चालते. उचला, अर्धा मिनिट धरा, खाली ठेवा, मिनिटभर थांबा. रबर बँड ओढायचे व्यायाम रोज. मधुमेह असेल किंवा हात मागे नेताना कळ येत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. या वयात खांदा आखडणं अगदी सर्रास आढळतं आणि आखडलेल्या खांद्यावर होल्ड करायला गेलात तर सहा महिने घरी बसाल.

रेंजवर सुरुवातीचे काही आठवडे टार्गेट लावू नका. कार्ड उलटं, पांढरी कोरी बाजू समोर करून लावा आणि त्यावर मारा. काळा गोळाच नसला की डोळ्याला पळून जायला जागा उरत नाही, तो पुढच्या साइटवरच राहतो. दोन्ही बाजूंच्या उजेडाच्या फटी सारख्या आहेत का, दोन्ही साइटचे माथे एका रेषेत आहेत का, एवढंच बघायचं. निम्मे शॉट ड्राय, म्हणजे पेलेट न घालता. इलेक्ट्रॉनिक लेन मिळाली तर स्क्रीनवर टॉवेल टाका. पूर्वी कार्ड पुलीवरून येईपर्यंत तरी माणूस फॉलो-थ्रू धरायचा, म्हणजे शॉट सुटल्यावरही नेम तसाच ठेवायचा. आता ट्रिगर सुटायच्या आत मान स्क्रीनकडे वळलेली असते.

एक गोष्ट मात्र वयाने सुधारते : शॉट कॅन्सल करणं. विशीत असताना हात खाली घेणं म्हणजे हार वाटायची, सात-आठ सेकंद झाले तरी ओढूनताणून सोडायचो. आता साइट बिघडली की मुकाट्याने हात खाली जातो. तुमच्या शेजारच्या लेनमधली सतरा वर्षांची पोरगी तुमच्यापेक्षा पंधरा गुण जास्त मारेल, पण हे तिला अजून शिकायचंय. आणि तिच्या कोचला, तो तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असला तरी, ‘सर’च म्हणा. ‘आमच्या वेळी’ हे शब्द रेंजच्या बाहेर ठेवलेले बरे.

सामान शेवटी. कपाटातलं जुनं पिस्तूल असेल तर त्याच्या एअर सिलिंडरवरची तारीख वाचा. मुदत दहा वर्षांची असते. उलटली असेल तर मॅचला चालत नाही, आणि २०० बारचा दाब आहे, म्हणून घरीही भरू नका. सील वाळलेले असतील, ते बदलून घ्या. सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामा असल्याची खूण) आता सक्तीचा आहे, शॉट मारत नसाल तेव्हा तो चेंबरमध्ये दिसलाच पाहिजे. घोटा झाकणारे जुने बूट इक्विपमेंट कंट्रोलला (मॅचआधीच्या सामानाच्या तपासणीला) पास होत नाहीत. काहीच नसेल तर क्लबचं पिस्तूल भाड्याने वापरा आणि ग्रिप आपल्या हाताची होईपर्यंत नवीन घ्यायचं नाव काढू नका. ४.५ मिलिमीटरच्या, २० जूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. पॉइंट टू-टूला लागतो, तिकडे वळणार असाल तर कागदपत्रांना वेळ धरा.

वयाचं म्हणाल तर आपली रायफल नेमबाज तेजस्विनी सावंत चाळिशीत टोकियो ऑलिंपिकला खेळली आणि जॉर्जियाची निनो सालुकवाद्झे १९८८ च्या सोलपासून २०२४ च्या पॅरिसपर्यंत दहा ऑलिंपिक खेळली. पण या दोघींनी खेळ मध्ये सोडला नव्हता, हेही ध्यानात ठेवा. आपली तुलना त्यांच्याशी नको आणि स्वतःच्या विशीशीही नको.

पहिली मॅच जिल्ह्याची घ्या. जुनं सदस्यत्व आणि शूटर आयडी चालू आहे का ते आधी विचारा, वयानुसार वेगळा गट आहे का ते पत्रकात बघा. निवड करता येत असेल तर सकाळची डिटेल (पाळी) मागा, दुपारी डोळा थकलेला असतो. स्कोअर शीट घरी आणा, एकूण आकड्यावर अंगठा ठेवा आणि सहा सिरीज वेगवेगळ्या वाचा. पहिल्या चार एकसारख्या असून शेवटच्या दोन घसरल्या असतील तर खांदा. सगळ्याच आडव्या पसरल्या असतील तर पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.